भांडून राह्यले का जी?

पहिला भाग संपला आणि मी टाळी वाजवली. एकट्यानेच. मुंबईतलं एक लहानसं सभागृह, मंचावर काळा पियानो, त्याच्या बाकदार कडेपाशी उभी राहून व्हायोलिन वाजवणारी एक तरुण बाई आणि समोर शे-दीडशे माणसं. त्यातल्या निम्म्यांनी तरी माना वळवल्या. शेजारच्या गृहस्थांनी काही न बोलता कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवलं. भाग तीन होते, टाळी तिसऱ्यानंतर. आदल्या दुपारी वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, विदर्भ एक्सप्रेस धरून मी सकाळी मुंबईत उतरलो होतो. नऊशे किलोमीटर येऊन पहिलीच दाद चुकली.

आम्ही झाडीपट्टीतली माणसं. धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक लागतं, दंडार उभी राहते आणि पहाट होईस्तोवर आवडलेल्या जागेला तिथल्या तिथे दाद जाते. दाद खिशात घालून अर्धा तास बसायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. पुढे या विषयावर वाचायला लागलो तेव्हा जरा हायसं वाटलं. ३ जुलै १७७८ रोजी मोझार्टने पॅरिसहून वडिलांना एक पत्र लिहिलं. त्यात नुकत्याच वाजलेल्या आपल्या सिम्फनीची हकीकत आहे. पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा त्याने अशी बांधली होती की ती लोकांना आवडणार याची त्याला खात्री होती. लोकांनी वादन चालू असतानाच तिला टाळ्या दिल्या. कार्यक्रम संपल्यावर गडी खुशीत आइस्क्रीम खायला गेला. मध्येच टाळी पडली म्हणून तो रुसला नाही, कारण ती पडावी म्हणूनच तर जागा बांधली होती. मधल्या टाळीवरची बंदी पुष्कळ नंतरची. तेव्हा त्या दिवशी सभागृहात चुकलं ते माझं शतक, एवढंच.

हातातली पुस्तिका अशाच श्रोत्यांसाठी आहे. तिच्यात व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेल्या पाच सोनाटांची ओळख आहे : मोझार्टचे दोन, बेटोव्हेनचे दोन आणि सेझार फ्रँकचा एक. सोनाटा हा शब्द इटालियन, त्याचा मूळ अर्थ ‘वाजवलेलं’, म्हणजे न गायलेलं. त्याहून जास्त गूढ त्या नावात नाही. ज्या प्रकारात हे मोडतं त्याला इंग्रजीत चेंबर म्युझिक म्हणतात; चेंबर म्हणजे खोली. खोलीत, जवळ बसून, थोड्या माणसांनी थोड्या माणसांसाठी वाजवायचं संगीत. मराठीत याला नवा शब्द पाडायची गरज नाही. बैठक हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो तंतोतंत बसतो.

भंडाऱ्यात आमची बैठक म्हणजे आठ-दहा माणसं, महिन्यातून एक संध्याकाळ, एका घराची पुढली खोली. पियानो नाही. दोन बरे स्पीकर आहेत, सतरंजी आहे, चहा आहे. सुरुवातीला आम्ही दातार, जोग यांचं व्हायोलिन ऐकत असू. मग एकाने बेटोव्हेनचा ‘स्प्रिंग’ म्हणून ओळखला जाणारा सोनाटा लावला. बैठकीत एक काका येतात. त्यांचा उभा जन्म पितळेच्या भांड्यांच्या धंद्यात गेला. ते डोळे मिटून ऐकत होते. पहिला भाग अर्ध्यावर आला असेल, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “हा पेटीवाला अन् हा फिडलवाला, भांडून राह्यले का जी?”

सगळे हसले. मला मात्र हा प्रश्न मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा नेमका वाटला. ही पुस्तिका त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

आपला कान साथीत वाढलेला आहे. ख्याल असो, नाट्यपद असो, नाही तर गावातलं भजन असो, एक जण पुढे असतो आणि पेटी त्याच्या मागून जाते. पेटीवाल्याने चांगली साथ केली म्हणजे काय, तर तो मध्ये आला नाही. या सवयीने सोनाटा ऐकायला बसलं की आपण व्हायोलिनला गायक ठरवतो आणि पियानोला पेटी. मग पाच मिनिटांत घोटाळा होतो, कारण ‘पेटी’ ऐकतच नाही. ती मध्ये बोलते, पुढे धावते, गायकाच्या तोंडचं वाक्य काढून घेते. भांडण वाटणारच.

‘स्प्रिंग’ची सुरुवातच पाहा. १८०१ मधला हा सोनाटा. व्हायोलिन एक लांब, वाहती चाल सुरू करतं आणि खाली पियानो तुटक स्वरांचं झुळझुळतं पाणी घालत राहतो. दहा मापं (इंग्रजीत ‘बार’) अशी जातात. मग तीच चाल पियानो उचलतो आणि व्हायोलिन काय करतं? ते पियानोचं ते झुळझुळतं काम हाती घेतं. साथीदार गायक झाला, गायक साथीला बसला, आणि कोणाचा चेहरा पडला नाही. ही पहिली दोन मिनिटं लागोपाठ तीनदा ऐकावीत, दुसऱ्या वेळी फक्त पियानोकडे कान ठेवून. सोनाटा म्हणजे काय हे तेवढ्यात कळतं; बाकीचा सगळा तपशील आहे.

आता यातली गंमत. युरोपातही सोनाट्यात साथ ठरलेलीच होती, फक्त उलटी. १७६४ मध्ये पॅरिसला मोझार्टची पहिली छापील रचना निघाली. पोरगं आठ वर्षांचं. मुखपृष्ठावर म्हटलं होतं की हे सोनाटा हार्पसिकॉर्डसाठी (पियानोआधीचं कीबोर्ड वाद्य) आहेत आणि व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील. म्हणजे व्हायोलिन असलं तर ठीक, नसलं तरी अडत नाही. मुलाची छपाई बघणारे वडील लिओपोल्ड स्वतः व्हायोलिनवाले. व्हायोलिनशिक्षणावरचं त्यांचं पुस्तक मुलाच्या जन्माच्याच साली, १७५६ मध्ये, छापलं गेलं होतं. तरी बाजाराची रीत त्यांनी मोडली नाही. बड्या घरांत कीबोर्ड बहुधा लेकीसुना वाजवत, आणि कोणी हौशी पाहुणा व्हायोलिन घेऊन शेजारी उभा राही. मालकी कीबोर्डकडे. १७७८ मध्ये मोझार्टने पॅरिसला सहा सोनाटा छापले तेव्हाही शब्द ‘व्हायोलिनच्या साथीसह’ असेच होते. पण आत काही वेगळंच चाललं होतं. त्यातला ई मायनर सोनाटा (त्याच्या रचनांच्या यादीत क्रमांक ३०४) सुरू होतो तो दोन्ही वाद्यांनी एकच चाल, खाली कसलाही आधार न घेता, एकत्र बोलत. साथ नाही, पुढारी नाही. दोन माणसं एका सुरात एक वाक्य म्हणतात, मग त्यांचे रस्ते फुटतात.

याच उन्हाळ्यात मोझार्टची आई पॅरिसमध्ये वारली. वर ज्या पत्राचा उल्लेख केला, ज्यात टाळ्या आणि आइस्क्रीम आहे, ते तिच्या मरणाच्या रात्री लिहिलेलं आहे. वडिलांना धक्का बसू नये म्हणून त्याने फक्त ‘आई फार आजारी आहे’ एवढंच कळवलं. ई मायनर सोनाटा या मरणाशी जोडून सांगायची पद्धत आहे. मला ती घाई वाटते. कलाकाराच्या घरात मयत झालं की त्या वर्षीचं सगळं कामच सुतक धरून बसलं असं आपण मानतो. त्याच संचातले इतर सोनाटा चांगले हसतेखेळते आहेत. ई मायनर दुःखी आहे, हे पुरे. का, हे न विचारता ऐकला तर तो जास्त बोलतो.

साथीतून बरोबरीला यायला व्हायोलिनला त्यानंतर पंचवीसेक वर्षं लागली. १८०५ मध्ये बेटोव्हेनचा ‘क्रॉयत्सर’ सोनाटा छापला गेला तेव्हा मुखपृष्ठावर लिहिलं होतं की हा फार चढाओढीच्या शैलीत, जवळजवळ कॉन्चेर्तोसारखा (एक वाद्य आणि समोर अख्खा वाद्यवृंद) लिहिला आहे. चढाओढ! आमच्या काकांचं भांडण बेटोव्हेनने स्वतः मुखपृष्ठावर नोंदवून ठेवलेलं होतं.

हाच प्रवास आपल्याकडे झाला, याची आठवण मराठी वाचकाला करून द्यायला हवी. व्हायोलिन दक्षिणेत आधी आलं. बालुस्वामी दीक्षितर यांच्यामुळे ते कर्नाटक संगीतात रुजलं आणि मांडी घालून बसलं. उत्तरेत आणि महाराष्ट्रात ते आलं तेव्हा त्याला जागा मिळाली ती साथीचीच. त्याला मैफलीच्या मधोमध बसवलं ते गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांच्यासारख्या माणसांनी. गजाननबुवा गायकही पहिल्या प्रतीचे, त्यामुळे त्यांच्या गजातून ख्यालच निघे. आमच्या विदर्भातले, पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर गायकी शिकले ती या बुवांकडे. मग गोव्याचे श्रीधर पार्सेकर, मग वि. गो. जोग, मग गायकी अंगाचे दा. के. दातार. जोगांनी तर बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईशी जुगलबंदी केली, आणि सोनाट्याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते हेच. फरक एवढा की जुगलबंदीत एक बोलतो तेव्हा दुसरा बहुतेक ऐकतो. सोनाट्यात दोघं एकाच वेळी बोलतात आणि तरीही दोघांचं ऐकू यावं अशी बांधणी केलेली असते. ती कागदावर बांधावी लागते. उपजेवर भागत नाही.

म्हणजे उपज नव्हतीच असं समजू नका. पुस्तिकेतला दुसरा मोझार्ट सोनाटा, बी फ्लॅटमधला, १७८४ चा. रेजिना स्ट्रिनासाक्की नावाच्या इटालियन तरुणीबरोबर तो व्हिएन्नात वाजला. मोझार्टने तिचा व्हायोलिनचा भाग कसाबसा वेळेत लिहून दिला आणि स्वतःचा पियानोचा भाग लिहायला वेळच उरला नाही. तो समोर जवळपास कोरा कागद ठेवून वाजवत होता. सम्राट योसेफने दुर्बिणीतून ते ओळखलं, अशी गोष्ट सांगतात. सम्राटाची दुर्बीण कोणाला खरी वाटो न वाटो, मूळ हस्तलिखितात पियानोचा भाग वेगळ्या शाईत, मागाहून दाटीवाटीने भरलेला दिसतो, हे मात्र कागदावरच आहे.

माझ्या जिवाभावाचा भाग ‘क्रॉयत्सर’चा, म्हणून त्यावर दोन पानं जास्त झाली आहेत, वाचकाने सांभाळून घ्यावं. हा सोनाटा मुळात क्रॉयत्सरचा नाहीच. तो व्हायोलिनवादक जॉर्ज ब्रिजटॉवर याच्यासाठी लिहिला गेला. वडील आफ्रिकी वंशाचे, आई युरोपीय, वाढला इंग्लंडात, राजपुत्राच्या पदरी. १८०३ च्या वसंतात तो व्हिएन्नात आला, बेटोव्हेनशी गट्टी जमली आणि २४ मे रोजी सकाळी आउगार्टेन बागेतल्या सभागृहात दोघांचा कार्यक्रम ठरला. शेवटचा भाग तयार होता, तो आदल्या वर्षीच्या दुसऱ्या एका सोनाट्यातून काढलेला. बाकीच्याची शाई वाळत नव्हती. त्या दिवशी पहाटे साडेचारला बेटोव्हेनने आपल्या शिष्याला, रीसला, उठवून पहिल्या भागातली व्हायोलिनची प्रत काढायला बसवलं. दुसऱ्या भागाची प्रत झालीच नाही. ब्रिजटॉवरने बेटोव्हेनच्या हस्तलिखितात डोकावून तो वाजवला. बेटोव्हेनचं अक्षर ज्याने छायाचित्रात तरी पाहिलं आहे त्याला या करामतीची किंमत कळेल.

पहिल्या भागात पियानोला एक मोकळी सुटलेली जागा आहे. ब्रिजटॉवरने तिथे न राहवून तीच तान व्हायोलिनवर परत केली. बेटोव्हेन पियानोवरून उठला, त्याने त्याला मिठी मारली आणि ओरडला, पुन्हा एकदा, गड्या! ही हकीकत ब्रिजटॉवरने स्वतः सांगितलेली आहे. आमच्या बैठकीत ती वाचली तेव्हा एक जण म्हणाला, म्हणजे वन्स मोअर! हो, वन्स मोअरच. शांत बसा, खोकू नका, टाळी शेवटी, असं ज्या संगीताबद्दल बजावलं जातं त्याचा सगळ्यात मोठा सोनाटा जन्मला तो चालू वादनात पडलेल्या वन्स मोअरने.

पुढे दोघांचं बिनसलं. ब्रिजटॉवरच्या सांगण्याप्रमाणे एका मुलीवरून. बेटोव्हेनने त्याचं नाव खोडलं आणि सोनाटा पॅरिसचा नामांकित व्हायोलिनवादक रोदोल्फ क्रॉयत्सर याला अर्पण केला. क्रॉयत्सरला तो बोजड वाटला, त्याने तो मैफलीत कधी वाजवला नाही. ज्याने वाजवला त्याचं नाव गेलं, ज्याने नाकारला त्याचं राहिलं. टॉल्स्टॉयने १८८९ मध्ये याच नावाची दीर्घकथा लिहून ते आणखी घट्ट केलं.

ऐकताना एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगून ठेवतो. आपल्या संगीतात षड्ज एकदा लागला की बैठक संपेपर्यंत हलत नाही. तंबोरा तो धरून ठेवतो आणि आपण त्या घरातून निघून त्याच घरी परततो. सोनाट्यात तंबोरा नाही आणि षड्जच घर बदलतो. पहिली चाल एका षड्जावर येते, दुसरी दुसऱ्या. मधल्या टापूत तर षड्ज दर काही क्षणांनी बिऱ्हाड हलवतो. कानाला हे हरवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबर आहे. हरवावं अशीच योजना आहे. मग पहिली चाल मूळ घरी परत येते आणि तिच्यामागून दुसरीही, या वेळी पहिलीच्याच घरात. ई मायनर सोनाट्यात ही परतण्याची जागा पुन्हा पुन्हा ऐका. तानेची समेवर येणारी उडी आणि ही परत, दोन्हींचा आनंद एकाच जातीचा आहे. फक्त इथे सम दहा मिनिटांनी येऊ शकते.

वाद्याबद्दल जास्त लिहिलेलं नाही. व्हायोलिन परकं म्हणून कोणी बिचकत असेल तर एवढंच की गजाने तारा घासून रडवणं-हसवणं आमच्या भागाला नवं नाही. गोंडांचे परधान किंगरीवर राजांच्या कथा लावत आले आहेत. काकांनी मात्र व्हायोलिन पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तारांना हात लावला नाही. पाण्याचा पितळी गुंड विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारतात, तशी त्याच्या पाठीवर मारली आणि कान लावला. “भांडं चांगलं आहे,” म्हणाले. याहून नेमकं कोणी काय सांगणार? तारेचा स्वतःचा आवाज कोपऱ्यातल्या डासाएवढा. आपण ऐकतो ते भांडं. मग त्यांना मी पोटातली काडी दाखवली. देवदारी जातीच्या लाकडाची ही बोटाएवढी काडी चिकटवलेली नसते, नुसत्या दाबाने वरच्या आणि खालच्या फळीत उभी असते आणि वरचं कंपन खाली नेते. ती पडली तर आवाज मरतो. फ्रेंच आणि इटालियन लोक तिला ‘आत्मा’ म्हणतात.

मुंबईत हे संगीत आपल्यासाठी कधीच बंद नव्हतं, हेही नोंदवतो. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली आणि १९४० मध्ये चार जणांची बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. घरातल्या तालमी ऐकत त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता वाढले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली मुलं मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आली. आपण विविधभारतीवर जी व्हायोलिनं ऐकून मोठे झालो त्यांतली कितीतरी त्यांची. १९५२ मध्ये येहुदी मेनुहिन दुष्काळनिधीसाठी भारतात वाजवून गेले. २००६ पासून एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्राचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. नागपूरच्या पलीकडे हे पोचलं नाही याला गाडीचं तिकीट जेवढं कारण आहे तेवढंच ‘हे आपलं नव्हे’ हा आपला समजही.

शेवटचा सोनाटा फ्रँकचा, १८८६ चा. बेल्जियन व्हायोलिनवादक यूजीन इझाय याच्या लग्नाचा आहेर म्हणून तो त्याच्या हाती पडला आणि घाईची एक तालीम करून त्याने तो लग्नाच्याच दिवशी पाहुण्यांसमोर वाजवला. जाहीर कार्यक्रम त्याच डिसेंबरात ब्रुसेल्सच्या एका चित्रसंग्रहालयात झाला. तिथे चित्रांना धोका नको म्हणून दिवा लावायला मनाई होती. हिवाळ्याचा दिवस, तिसऱ्या प्रहरी अंधारून आलं आणि हा सोनाटा तर शेवटी होता. पहिल्या भागानंतर स्वर दिसेनात. इझाय आणि पियानोवर बसलेल्या लेओन्तीन बोर्द-पेन यांनी उरलेले तीन भाग अंधारात, पाठांतराच्या भरवशावर पूर्ण केले. आमच्या बैठकीत हा सोनाटा पहिल्यांदा लागला त्या संध्याकाळी लाइट गेली होती आणि स्पीकर इन्व्हर्टरवर चालले होते. कोणी मेणबत्ती आणायला उठलं, काकांनी हातानेच बसवलं.

या सोनाट्याच्या शेवटच्या भागात पियानो एक चाल म्हणतो आणि एका मापाच्या अंतराने व्हायोलिन तीच चाल म्हणत मागून येतं. जसं भजनात एकाने ओळ सोडावी आणि दुसऱ्याने ती संपायच्या आत उचलावी. पुढे तेच उलट होतं, व्हायोलिन पुढे आणि पियानो मागे. काकांना विचारलं, आता काय वाटतं, भांडताहेत का? म्हणाले, “नाही जी. आता निघाले बाजाराले, एकामागं एक.”

पुस्तिका वाचायच्या आधी ई मायनर सोनाटा एकदा ऐकावा. भाग दोनच आहेत, बारा-तेरा मिनिटांत होतो. नंतर मजकूर. भंडाऱ्याकडे येणं झालं तर आमच्या खोलीतही यावं. चपला दारात, मोबाइल बंद. टाळी केव्हाही चालेल.